अप्पांच्या वॉर्डातली मतमोजणी

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत मराठी माणसं पुष्कळ होती, पण एकमेकांच्या घरी न विचारता जाणारे आम्ही चौघंच. श्रीधर मोघे, त्याची बायको रेवती, श्रीधरच्याच सॉफ्टवेअर कंपनीतला नीलेश खरात आणि मी. आम्ही जेवायला बसलो की किस्से निघतातच. एक जण सुरू करतो, दुसरा म्हणतो, "आणि ते आठवतं का?" असे साठत साठत आता इतके झालेत की नवे घडले नाहीत तरी चालतील. गंमत म्हणजे त्यातले बरेचसे एकाच रात्रीचे आहेत. दोन हजार पाचचा मे महिना, ब्रिटनमधल्या निवडणुकीच्या निकालाची रात्र. आम्हा चौघांपैकी कोणालाही तिथे मत नव्हतं. सांगताना आम्ही हसतोसुद्धा. फक्त श्रीधर समोर असला की शेवटचा किस्सा कोणी काढत नाही. आज तो नाहीये, म्हणून सगळे सांगते.

* * *

श्रीधरचे वडील, अप्पा, त्या मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी आले होते. वय बहात्तर. फलटणच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. थोरला मुलगा अनिल वीस वर्षं इंग्लंडमध्ये, समुद्रकाठच्या एका गावात डॉक्टर. बायको तिकडचीच.

त्याच्या नऊ वर्षं आधी श्रीधरची आई गेली तेव्हा अनिलदादाने फोनवर विचारलं होतं, "अप्पा, निघू का?" अप्पा त्या अवस्थेत म्हणाले, "आता येऊन काय करणार?" दादाने ते शब्दशः घेतलं आणि आला नाही. अप्पांनी त्याचं न येणं धरून ठेवलं, त्याने अप्पांचं वाक्य. त्यानंतर बापलेकांचं बोलणं म्हणजे दिवाळीला दोन मिनिटं, तेही हवामानावर.

एप्रिलमध्ये श्रीधरच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत प्रचाराचं रंगीत पत्रक. अनिलदादा विरोधी पक्षाकडून पार्लमेंटला उभा होता. पत्रक वहिनीने पाठवलं होतं. दादाने घरात कोणाला कळवलंही नव्हतं.

अप्पांनी चष्मा लावला, पत्रक खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ फोटो बघत राहिले. रेवती, श्रीधर, मी पाठीमागे उभे. आता रागावतात की डोळ्यांत पाणी येतं, काही कळेना.

अप्पा म्हणाले, "मिशी कधी काढली याने?"

आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

* * *

मतदानाच्या आधीच्या शनिवारी अप्पा बाथरूममध्ये पडले. स्ट्रोक. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, पण डोकं शाबूत. त्यांना क्लिनिकुममध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. आमच्यात जर्मन त्यातल्या त्यात माझं बरं. मी काँक्रीटवर पीएचडी करत होते आणि लॅबमधल्या लोकांशी रोज भांडून भांडून भाषा सुधारली होती. त्यामुळे दुभाषी मी.

नर्स फॉर्म भरायला आली. नाव, जन्मतारीख, औषधं. मग विचारलं, मुलं किती? मी अप्पांना मराठीत विचारलं.

"एक मुलगा," अप्पा म्हणाले, "आणि एक उमेदवार."

नर्स पेन धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "दोन."

* * *

रविवारी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला कॉरिडॉरमध्ये बोलावलं. हार्ट फार कमजोर आहे, दुसरा अ‍ॅटॅक कधीही येईल, ज्यांना यायचं असेल त्यांनी आता यावं. एवढं सरळ जर्मन मला तोवर कोणी ऐकवलं नव्हतं.

श्रीधरने तिथूनच फोन लावला.

"गुरुवारी मतदान आहे," दादा म्हणाला. "शुक्रवारी सकाळचं विमान घेतो. बाराच्या आत तिथे पोचतो."

"दादा, आज रविवार आहे."

मग दादा म्हणाला, "श्री, मला वार माहीत आहेत."

* * *

अप्पा रात्री हाताची सलाइन ओढून काढायचे आणि नर्सला त्यांचं बोलणं कळायचं नाही, म्हणून आमच्यापैकी कोणीतरी सोबत थांबायला हॉस्पिटलने परवानगी दिली होती. गुरुवारी रात्री श्रीधर आणि मी होतो. रेवती घरी लॅपटॉपवर निकालाचं पान सारखं रिफ्रेश करणार आणि मला एसएमएस करणार, असं ठरलं. नीलेशकडे गाडी होती, म्हणून सकाळी दादाला आणायला विमानतळावर तो.

अप्पांनी संध्याकाळीच विचारून घेतलं होतं, "तिकडे मशीन आहे की कागद?"

"कागद, अप्पा."

ते एकदम खूश झाले. निम्मा चेहरा हलत नव्हता, पण उरलेल्या निम्म्यावर दिसलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती मोजण्या केल्या होत्या कोण जाणे. "कागद म्हणजे पहाट होणार," ते म्हणाले. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत, त्यांनी एक गोष्ट सांगितली. पंचायत समितीला एक जण तीन मतांनी पडला. निकाल ऐकला आणि मोजणीच्या हॉलमध्ये तसाच बसून राहिला. "आम्ही टेबलं उचलली. खुर्च्या उचलल्या. दिवे घालवले. तो बसलेलाच. शेवटी शिपाई म्हणाला, साहेब, उठा. सतरंजी कचेरीची आहे."

श्रीधर हसला. अप्पा हसले नाहीत.

* * *

खिडकीजवळच्या कॉटवर हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट नावाचे म्हातारे होते. ऐंशीच्या आसपास. आम्ही आल्यापासून त्यांना भेटायला कोणी आलेलं पाहिलं नव्हतं. आम्ही काय कुजबुजतोय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून छोटा रेडिओ काढला, इंग्लिश स्टेशन लावून दिलं आणि गावाचं नाव विचारलं. ऐकून म्हणाले, "त्या गावाजवळ मी दोन वर्षं होतो. युद्धकैदी. बटाटे काढायचो. माणसं वाईट नव्हती."

मी अप्पांना ते मराठीत सांगितलं. अप्पा म्हणाले, "विचार त्यांना, तेव्हा घरचं कोणी भेटायला यायचं का?"

मी विचारलं.

"नाही," हेर फोग्ट म्हणाले. "तेव्हा परवानगी नव्हती. आता आहे."

हे भाषांतर करायला मला जरा वेळ लागला.

* * *

रेडिओवर देशभरचे निकाल येत होते. सरकारचं बहुमत घटणार पण टिकणार, असं दिसत होतं. आम्हाला देशाशी कर्तव्य नव्हतं. एकच गाव हवं होतं आणि ते येत नव्हतं. साडेतीनला रेवतीचा एसएमएस आला. भाऊजी ४१ने मागे. फेरमोजणी.

"एक्केचाळीस?" अप्पा जागेच होते. "म्हणजे पन्नासाचा एक गठ्ठासुद्धा नाही." जरा थांबून म्हणाले, "फेरमोजणीने फार बदलत नाही. पण उमेदवाराला ते सांगायचं नसतं."

साडेपाचला दुसरा एसएमएस. आता १४ने मागे. परत फेरमोजणी. कोणी मागितली कळत नाही.

त्याच सुमाराला घरी वेगळंच चाललं होतं, ते रेवतीने नंतर सांगितलं. तिची आणि श्रीधरची सहा वर्षांची मुलगी ईरा उठून आली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. लॅपटॉपवर दादाचा फोटो होता. तिने काकाला कधी पाहिलंच नव्हतं. रेवती म्हणाली, "हा कोण सांग बघू?"

ईराने नीट निरखून पाहिलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "जो येत नाही तो माणूस हाच का?"

रेवतीने लॅपटॉप मिटला. म्हणून तासभर मला एसएमएस नव्हता.

* * *

साडेसहाला अप्पांचा श्वास जड झाला. नर्स येऊन ऑक्सिजन वाढवून गेली. अप्पांनी डोळे उघडले आणि श्रीधरला विचारलं, "झालं का?"

झालं नव्हतं. श्रीधरने माझ्याकडे पाहिलं. चार रात्री तो धड झोपला नव्हता. मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही.

"आला निवडून," श्रीधर म्हणाला. "दादा निवडून आला, अप्पा."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता निम्मा चेहरा पुन्हा खुलेल.

"मग आता त्याला वेळ कुठला," ते म्हणाले, आणि मान भिंतीकडे वळवली.

श्रीधर म्हणाला, "अप्पा, अहो अप्पा, ऐका ना." पण त्यानंतर अप्पा कोणाशीच बोलले नाहीत.

* * *

सव्वानऊला निकाल आला. अनिलदादा बारा मतांनी पडला.

श्रीधर धावत आत गेला. अप्पांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगायला लागला, "दादा पडला, अप्पा. पडला तो. येतोय." नर्सने त्याला हळूच दंडाला धरून बाहेर आणलं. तिला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. अप्पा बेशुद्ध होते.

मी कॉफीच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले. माझ्याकडे सुटे पैसे होते, कप होता, तरी बटण दाबायचं मला सुचेना. मागे एक सफाई कामगार थांबली होती. तिने हात पुढे करून बटण दाबलं आणि कप माझ्या हातात दिला.

* * *

नीलेश साडेदहापासून विमानतळावर होता. दादाने इतक्या वर्षांत आपल्यातलं कोणी पाहिलं नसेल, म्हणून त्याने पुठ्ठ्यावर मार्करने देवनागरीत लिहून नेलं होतं. अनिलदादा. आजूबाजूचे टॅक्सीवाले वळून वळून बघत होते.

सव्वाअकराला त्याचा मला फोन आला.

"सुजाता, सगळे उतरले. पायलटसुद्धा गेला."

"आणि दादा?"

"नाही ना. मी अजून पाटी धरून उभा आहे." मग त्याने विचारलं, "खाली करू का?"

* * *

अप्पा एक वाजून दहा मिनिटांनी गेले.

हेर फोग्टनी रेडिओ बंद केला. कॉटवरून उतरता येत नव्हतं, तरी उठून बसले आणि अप्पांना नेईपर्यंत तसेच बसून राहिले.

अनिलदादा संध्याकाळच्या विमानाने आला. नीलेश पुन्हा आणायला गेला, या वेळी पाटी न घेता. त्याने बरोबर ओळखलं, कारण कोटावर पक्षाचा रंगीत बिल्ला तसाच होता. हॉस्पिटलच्या दारात त्याने बिल्ला काढला आणि कुठे ठेवावा ते न सुचून नीलेशच्या हातात दिला.

हॉस्पिटलने अप्पांना एका छोट्या खोलीत ठेवलं होतं. दोन मेणबत्त्या, एक खुर्ची. दादा आत गेला आणि वीस मिनिटांनी बाहेर आला. आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. तो श्रीधरच्या शेजारी बसला. इतक्या वर्षांनी दोघं भाऊ एका बाकावर.

"त्यांना निकाल कळला होता का, श्री?"

श्रीधर म्हणाला, "हो."

"काय म्हणाले?"

श्रीधरने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मी काही बोलणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

"म्हणाले, आता येईल."

दादाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. कॉरिडॉरच्या टोकाला जेवणाची ट्रॉली आली, ताटल्या वाजल्या, पुढे गेली.

"पहिल्या फेरमोजणीनंतर निघालो असतो तर सकाळचं विमान मिळत होतं," दादा म्हणाला. "दुसरी मी मागितली."