हनुवटीवरच्या गोळ्या

आता हसू येतं बघा, पण लग्नाआधी माझ्या हनुवटीवर अशा पुटकुळ्या उठायच्या, की लोणावळ्याच्या बाजारात मी पदर गालापर्यंत ओढून चालायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, त्याही नेमक्या पाळणा लांबवायच्या! पाळी सुधारली की चेहराही सुधारेल म्हणाल्या. औषधाच्या दुकानात मात्र वडिलांच्या ओळखीचे दोघं उभे. लग्न न झालेल्या मुलीनं त्या मागायच्या कशा? मी चिठ्ठी मुठीत घेऊन खांबाआड थांबले.

तेवढ्यात दवाखान्यात माझ्याशेजारी बसलेली मळवलीची बाई आली. ठसठशीत कुंकू, काष्टा, आणि दोन्ही गालांवर माझ्यासारख्याच पुटकुळ्या. डॉक्टरीणबाईंचं पडद्याआडचं बोलणं बाहेर बाकावर सगळ्यांना ऐकू यायचं. तिनं माझी चिठ्ठी घेतली, आपल्या चिठ्ठीवर ठेवली आणि हनुवटी पुढे काढून म्हणाली, "दोन पाकिटं द्या भाऊ. एक माजं, एक ह्या पोरीचं."

दुकानदार घुटमळला. "मावशी, हिचं लग्न झालंय का?"

"पुटकुळ्या काय लगीन बघून येत्यात व्हय? मला तर चार पोरांनंतर आल्या!"

वडिलांच्या ओळखीचे ते दोघंही हसले. मलाही हसू फुटलं.

बाहेर ती म्हणाली, "चोरून घेतलीस तर लोक लय इचारत्यात. मी तुळशीला पाणी घालते आन् समद्यांम्होरं गिळते."

नाव विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी वडिलांसमोरच मी गोळी तोंडात टाकली.

"कसली गं?"

"चेहऱ्याची."

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.