उजव्या पायाचा गियर

माझी शेवटची पोस्टिंग डोंगरातली. मी सिग्नलमध्ये डीआर, म्हणजे मोटरसायकलवरून डाक पोचवणारा. आजच्या पोरांना हे सांगितलं की हसतात.

बुलेट मी तिच्या सगळ्या अवतारांत चालवली. आमच्या पहिल्या गाडीला ओतीव लोखंडाचं इंजिन. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. अँपमीटरची सुई मधोमध आणायची, लिव्हर दाबून इंजिनाचा दम सोडायचा, मग किक. घाई केलीत तर किक उलटी येऊन नडगी फोडायची. पुढे नव्या गाड्या आल्या. गियर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. गाडी बदलली, पाय कुठले बदलायला!

युनिटमध्ये गोव्याचे आम्ही दोघेच. मी पेडण्याकडचा, चोपड्याचा. नाईक सगुण डिचोलीचा. मी नवी गाडी निमूट घेतली. सगुण अडून बसला.

"साब, पाय ऐकत नाहीत."

साहेबांनी एक जुनी त्याच्यासाठी ठेवली. वर हा मलाच चिडवायचा. "आज गियर डावीकडे नेला, उद्या सॅल्यूटही डाव्या हातानं मारायला लावतील बघ तुला!"

त्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. रसदीचे ट्रक घेऊन मी नव्या गाडीवर पुढे, वर पोस्टकडे निघालो होतो. दहाच्या सुमारास नाल्यावरच्या लाकडी पुलाचा खांब खचला. पोस्टवरून वायरलेसवर हाका सुरू झाल्या. "कॉन्व्हॉय, रुको. ओव्हर." आमच्या सेटवर नुसती खरखर.

वर पोस्टवर सुभेदारसाहेबांनी विचारलं, "कौन जायेगा?" सगुण हेल्मेट घालूनच उभा होता म्हणे.

तो आपल्या जुन्या गाडीवर त्याच खचलेल्या पुलावरून आला. त्या ओल्या फळ्यांवर ब्रेकला पाय जरा चुकता तर नाल्यातच. त्याचा चुकला नाही. वळणावर त्यानं गाडी आडवी घातली.

"पूल गेला! मागे घे!"

मी मागचे ट्रक हटवायला धावलो. तो पुढच्या ट्रकमागे उभा राहून ड्रायव्हरला हातानं दाखवत होता. "आने दो. आने दो." ट्रक त्याला ओलांडून मागे निसटला आणि वरून दरड आली. सगुण गेला, गाडीही गेली. आम्ही सगळे वाचलो.

पेन्शनीत आल्यावर मी लष्कराच्या लिलावातली तसलीच जुनी गाडी घेतली. दरवर्षी त्याच्या दिवसाला तिच्यावरून डिचोलीला त्याच्या आईकडे जातो. माई नेहमी दारात उभी असायची. मला बरं वाटायचं, कुणीतरी आपली वाट बघतं.

यंदा जुनीचा क्रँक गेला. लेकानं नवं मॉडेल घेतलंय, ते नेलं. बटण दाबलं की चालू, पोटातलं पाणी हलत नाही. मला नाही आवडत ती, सांगून टाकतो. पोचलो तर दारात कुणी नाही. माई आत तांदूळ निवडत बसली होती.

"आयलो रे? गाडी आयकूंक आयलीच ना."

"नवी आहे माई, आवाज नाही तिला. पुढल्या वर्षी जुनी दुरुस्त करून आणतो."

"नाका रे बाबा." सुपातून मान वर न करता ती म्हणाली. "ती वाजली की हांव धांवत दारांत येतां. म्हजो सगुण आयलो म्हणून. आनी दिसता तूं."

मी तिच्याजवळ खाली बसलो.

सगुण, लेका, त्या दारात तूच दिसायला हवा होतास.