पांढऱ्या मातीची भिंत

एप्रिल लागला की आमच्या टिनाच्या स्वयंपाकघरात आई दोन भाकरी टाकायची आणि बाहेर येऊन निंबाखाली उभी राहायची. मग पुन्हा आत. मागच्या उन्हाळ्यात एकदा तिला चुलीपुढेच घेरी आली. तिला कूलरशिवाय थंड राहील असं स्वयंपाकघर बांधून द्यायचं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी काही बोलले की बाबा ते खरं धरतात, आणि मला त्याचीच भीती वाटते. तरी यवतमाळला एका तासाला मातीच्या घरांबद्दल शिकवलं, तेव्हा मला राहवलं नाही. घरी येताना एसटीत वहीतलं ते पान मी तीनदा वाचलं. पोकळी ठेवून दुहेरी भिंत, पुढे आलेलं छप्पर, पश्चिमेला खिडकी नाही. रात्री जेवताना चाचरत चाचरत सगळं सांगितलं.

बाबांनी नव्या स्वयंपाकघरासाठी टिनं आणून ठेवली होती. ते म्हणाले, "कर. पंधरा दिवस देतो. नाई जमलं तं त्याच्या पुढच्या सोमवारी वेल्डर येते, त्याले टिनं ठोकाले सांगतो."

मला त्या रात्री धड झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

तुरी निघाल्या होत्या, म्हणून भिंत विणायला तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, घरच्याच मिळाल्या. गल्लीत एकाने स्लॅबचं घर बांधायला जुनं मातीचं घर पाडलं होतं. त्याच्याकडून सागवानी चौकट आणि छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, मागून घेतले. तो बाबांना म्हणाला, "कायले पाह्यजे तुमाले हे भंगार?"

"पोरीची परीक्षा हाये," बाबा म्हणाले. "पास झाली तं तुलेही जेवाले बलावतो."

पाडलेल्या भिंतींच्या मातीचा मोठा ढीग दारातच होता. त्याच्यावर चढून, घसरत, आम्ही ती चौकट बाहेर काढली.

तुराट्या विणून दोन कुड उभे केले, मधे वीतभर पोकळी. आता लिंपायला माती हवी होती. वहीत एवढंच होतं, जवळपासची चांगली माती घ्यावी. आमच्याकडे चांगली माती म्हणजे वावरातली काळी. बाबांनी बैलबंडी भरून आणली आणि मुठीत दाबून मला दाखवली. "लोन्यासारखी हाये पाह्य." आई दारात तूर पाखडत बसली होती. तिने बंडीकडे पाहिलं आणि पुन्हा सूप हलवू लागली.

दोन दिवस आम्ही बाप-लेक लिंपत होतो. भिंत काळीभोर, गुळगुळीत दिसत होती. मी मैत्रिणींना फोटोही पाठवले.

शुक्रवारी सकाळी भिंतीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एका कोपऱ्यातला थर खाली गळून पडला होता. दर उन्हाळ्यात आमच्या वावरातल्या भेगांमधून मी चपला ओढून काढल्या आहेत, आणि तीच माती मी भिंतीला लावली होती. बाबा नुसते टिनांकडे पाहून आले. ते मला जास्त लागलं.

मग आई आली. गळालेलं ढेकूळ उचलून म्हणाली, "काळी पिकाची असते बाई. घराले पांढरी लागते."

"मंग सांगतलं काहून नाही?" बाबा म्हणाले.

"तुमी दोघं वही पाहून राह्यले होते. मले कोनं इचारलं?"

लग्नाआधी माहेरी दर वर्षी घर तीच लिंपायची. हे मला त्या दिवशी कळलं. जिच्यासाठी बांधत होते, तिलाच मी विचारलं नव्हतं.

"कुठी भेटते पांढरी?" मी विचारलं.

"जिच्यावर चढून चौकट आनली, थेच."

आम्ही लगेच निघालो. ढीग अजून तिथेच होता. आईने खड्ड्यात ती माती भिजवली, गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, आणि शेण टाकलं, पदर खोचला आणि तुडवायला उतरली. मीही उतरले. थंडगार चिखल पोटऱ्यांपर्यंत येत होता आणि आई हसत होती. मी तिला असं हसताना फार कमी पाहिलं आहे.

"आता चार दिवस सडू दे," ती म्हणाली.

"सोमवारी वेल्डर येते," बाबा म्हणाले.

"मंग फोन करा त्याले."

बाबांनी फोन केला.

मंगळवारी काळा थर खरवडून आम्ही पांढरी लावली. कुठे किती जाड, कुठे हात कसा फिरवायचा, आई सांगत होती आणि मी तसं करत होते. आठ दिवस मी रोज उठल्याबरोबर भिंत पाहायला धावायचे. केसाएवढ्या दोन रेघा आल्या. आईने शेणकाल्याचा हात फिरवला, त्याही बुजल्या. मग कवेलू चढले.

यंदा मे महिन्यात, भर दुपारी, मी आणि बाबा निंबाखाली बसलो होतो. आत आई भाकरी थापत होती. तो आवाज मी मोजत होते. दोन झाल्या. तीन. पाच झाल्या, तरी आई बाहेर आली नाही.

"काहून वं," बाबांनी न राहवून हाक मारली, "बरी हायेस नं?"

"मी बरी हाये. तुमीच उन्हात कायले बसले? अंदर या."

बाबा वाकून आत गेले आणि भिंतीला पाठ टेकून बसले. थोड्या वेळाने भिंतीवर तळवा ठेवला, तो तसाच ठेवून जेवले.

"थ्या टिनाचं काय करू मंग?" त्यांनी विचारलं.

"कुटारावर झाका," आई म्हणाली, आणि सहावी भाकर तव्यावर टाकली.