दादांचा न तपासलेला दिवा

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी जन्मभर चहा पाजला आणि त्यांची पाठ वळली की पोट धरून हसले. त्यामुळे माझा किस्सा वाचून तुम्ही हसलात तर तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझं माहेर जुन्या नाशकात, तांबट आळीत. वडील – आम्ही त्यांना दादा म्हणायचो – हंडे, घागरी, बंब घडवायचे. स्टीलची भांडी आली आणि गिऱ्हाईक आटलं. तेव्हा मुंबईच्या एका दुकानदाराने त्यांना परदेशी मासिकातलं टेबल लॅम्पचं चित्र दाखवलं. तीन बारीक पाय, त्यावर पितळी गोळा, वर तिरपी टोपी. दादांनी तो हुबेहूब केला, पण हात पडला घागरीचा! गोळ्यावर हातोडीचे ठोके उमटलेच. दुकानदाराला नेमके तेच आवडले.

एक सवय मात्र सुटली नाही. वायर घालण्याआधी दादा प्रत्येक दिवा उलटा करून त्याच्या पोटात काठोकाठ पाणी भरायचे आणि तसाच ठेवायचे, सांधा पाझरतो का बघायला. मी तेव्हा कॉलेजात, सायन्सला. दोन वेण्या, एक चष्मा आणि अंगभर तोरा. म्हटलं, "दादा, दिव्यात वीज असते, पाणी नाही."

"गळकं भांडं माझ्या घरातून जात नसतं," ते म्हणाले.

याची नक्कल करून मी मैत्रिणींना हसवायचे. मोठी शहाणी!

दादा अचानक गेले. एक दिवा तयार होता, पाण्याची तपासणी तेवढी राहिली होती. तो मी आठवण म्हणून आणला आणि माळ्यावर टाकला.

यंदा तो माझ्या नातीने, मुक्ताने खाली काढला. ती जुन्या वस्तू ऑनलाइन विकते. "आजी, हे अस्सल मिड-सेंच्युरी मॉडर्न आहे, गेल्या शतकाच्या मधली फॅशन."

"म्हणजे माझ्यासारखंच," मी म्हटलं.

पाण्याची गोष्ट सांगितली तर तीही हसली, अगदी माझ्यासारखी. इलेक्ट्रिशियन शिंद्यांनी माझ्यासमोर वायर घातली. दिव्याचं पोट मी स्वतः फडक्याने पुसलं होतं... कोरडं ठणठणीत. मग बंगळुरूचं गिऱ्हाईक मिळालं. तोवर रोज संध्याकाळी तो आमच्या कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये लागत होता. कधी काही झालं नाही.

कुरिअर येणार त्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मी देवापाशी होते. मुक्ताने व्हिडिओ काढायला लॅम्प लावला आणि जरा वळवायला म्हणून हात घातला. कोणी घसा आवळावा तसा एक आवाज आला – आणि घरात अंधार.

ती सोफ्याला टेकून खाली पडली होती. मी हाका मारतेय, ती नुसती बघतेय. शेवटी म्हणाली, "आजी... माझा हात कुठाय?"

हात जागेवर होता. तिला कळत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मेन स्विच पडला म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी शिंदे आले. प्लग आधीच काढलेला होता. दिवा उलटा करून त्यांनी तळाच्या झाकणाचे स्क्रू काढले आणि मला जवळ बोलावलं.

आत पाणी होतं. काठोकाठ, स्वच्छ, थंडगार.

झाकणाला वायरसाठी मोठं भोक. म्हणजे दिवा उभा असताना पाणी भळाभळा वाहायला हवं. टेबलावर एक थेंब नव्हता! वर छताला ओल नाही, जवळ फुलदाणीसुद्धा नाही.

"आजी, हे भरलं कुणी?" शिंद्यांनी विचारलं.

नातेवाईक म्हणतात, दादांनी राहिलेली तपासणी करून घेतली, दिवा आता पास झाला. म्हणताना हात जोडतात. मलाही जोडावेसे वाटतात... पण ज्या माणसाला सांध्यातला टिपूसही दिसायचा, त्याला पोरीचा हात दिसला नाही? की ते दादा नव्हतेच? वडिलांच्या फोटोसमोर उभं राहून असा विचार करायची वेळ या वयात येईल, असं वाटलं नव्हतं.

मुक्ताची दोन बोटं अजून बधिर आहेत. दिवा कोरडा आहे, शिंद्यांना त्यात एकही दोष सापडत नाही. बंगळुरूहून मेसेज येतात. मुक्ता विचारते, "आजी, पाठवू का?"

तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. मी एवढंच म्हणते, थांब. त्या घरातही संध्याकाळी कोणीतरी हात पुढे करणारच ना.