आठ मात्रांची जागा

शहाद्यात आमचा दहा जणांचा पितळी बाजा होता. मी कॉर्नेट वाजवायचो, म्हणून मालकही मी आणि शहाणाही मीच. लग्नसराईत सगळे बाजेवाले नाटकांतली तीच ती पदं वाजवत. मला त्याचा वीट आला होता. स्वतःची एक चीज बांधायची, कुणाची उसनी नको, असं डोक्यात घेतलं आणि अख्खा हिवाळा त्यात घालवला. स्वर लिहिणं-वाचणं कुणालाच येत नव्हतं. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या पडवीत मी एकेकाला त्याचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवायचो आणि तो घोकायचा.

चीज अर्धी झाली आणि आमचा बेसवाला आजारी पडला. बेस म्हणजे अंगाभोवती अडकवायचा तो मोठा कर्णा. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. छातीचं दुखणं होतं, फुंकायला दमच उरला नाही. चिजेच्या मध्यावर मी त्याच्यासाठी आठ मात्रा राखल्या होत्या. बाकी सगळे गप्प, एकटा बेस. भेटायला गेलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मन्ही जागा कोनलेच देऊ नको."

मी दिली नाही. वैद्याने हात टेकले होते. मी दुसरं काय करणार होतो? आठ मात्रा तशाच मोकळ्या ठेवल्या. तिथे सगळ्यांनी थांबायचं, मनात आठ मोजायचे आणि पुढचं उचलायचं. ढोलवाला कुरकुरला. रस्त्यात बाजा थांबतो तो फक्त मयताच्या दारापुढे, असं त्याचं म्हणणं. मी त्याला झापलं. संगीतातलं तुला काय कळतं, तू ढोल बडव, म्हटलं.

उन्हाळ्यात एका मारवाडी शेठच्या मुलीचं लग्न निघालं. नवरदेवाची मिरवणूक नेमकी दोस्ताच्या गल्लीतून जाणार होती. मला कोण आनंद झाला. त्याला अंथरुणावरून आपली चीज ऐकू येणार होती. आदल्या दिवशी मी पावलं मोजून आलो. गल्लीच्या तोंडाशी सुरुवात केली की त्याच्या दारापुढे जोरकस भाग येत होता आणि मोकळी जागा पार पुढे, विहिरीपाशी.

मिरवणूक माझ्या पावलांनी चालणार नव्हती, हे मात्र मी धरलंच नव्हतं. आम्ही सुरुवात केली आणि नवरदेवाचा घोडा फटाक्यांना बुजला. सगळे मुंगीच्या पावलाने सरकू लागले. चीज मात्र पुढे चाललेली. घोकलेली चीज मधेच लांबवता येत नाही. कॉर्नेट तोंडात धरून मी डोळ्यांनी खुणा करत होतो, पण जो तो आपला तुकडा सांभाळण्यात गर्क. त्याचं दार आलं आणि माझ्या उरलेल्या सगळ्या माणसांनी शिकवल्याबरहुकूम वाजवणं थांबवलं. इतकं बिनचूक ते कधीच थांबले नव्हते.

वऱ्हाडी एकदम चूप झाले. बायकांनी डोक्यावर पदर ओढले. एकाने टोपी काढली. मी मनात पाच मोजले असतील, तोवर दार उघडून त्याची बायको उंबऱ्यावर आली. तिने आम्हाला पाहिलं, आणि काढलेली टोपीही पाहिली.

"त्या आजून जित्ता शेतस, भाऊ," ती मला म्हणाली. "काब थांबनात तुम्ही?"

का थांबलो ते सांगायला मी कॉर्नेट तोंडातून काढलं आणि पुढचं उचलायचं राहूनच गेलं. शेवटी ढोलवाल्यानेच काहीबाही बडवायला सुरुवात केली आणि मिरवणूक पुढे सरकली. शेठकडच्यांनी मला काय काय सुनावलं ते मी ऐकलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. वहिनी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. तुम्ही काल घाबरलात, असं काहीतरी मी बोलू लागलो. त्यांनी मान वर केली नाही.

"मी नही," त्या म्हणाल्या. "बाजा थांबना आनि त्यासनीच माले बाहेर धाडं. म्हने, जाय, सांग त्यासले, मी शे आजून."

आत जाऊन मी त्याच्या उशाशी बसलो आणि सगळं समजावलं. ती तुझीच जागा होती, राखून ठेवली होती, म्हणालो. हळू आवाजात चीज म्हणूनही दाखवली आणि त्या ठिकाणी थांबलो. तो आढ्याकडे बघत होता. तसाच "बरं" म्हणाला. त्याला ते पटलं की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. त्याच उन्हाळ्यात, आखाजीचा सण यायच्या आत तो गेला.