यादीत नसलेला जिल्हा

पंचशीलाताईचं दुकान जळकोटच्या बसस्टँडसमोर होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्सचं मशीन. सगळे ऑनलाईन फॉर्म तिथे भरून मिळत. मी नांदेडला मराठी घेऊन एम.ए. केलं आणि गावी परत आलो. डिग्री होती, जायला जागा नव्हती. मग मी तिच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. ती माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. तरी आमची मैत्री झाली.

ही २०१६ च्या दुष्काळातली गोष्ट आहे.

फॉर्मच्या साईट दिवसा उघडत नसत. पहाटे उघडत. म्हणून ताई पाचला शटर वर करायची. टँकरही पाचलाच यायचा. दोन ठिकाणी एकदम कोण उभं राहणार? लोकांनी टँकरची रीत दुकानाला लावली. टँकरच्या रांगेत घागर ठेवायची आणि ताईच्या पायरीवर कागदपत्रांची पिशवी. पिशवीवर दगड. पाणी भरून झालं की माणूस ओल्या हातांनी येऊन आपल्या पिशवीमागं उभा राहायचा. टँकरवर भांडणं झाली. पायरीवर कधी झाली नाहीत.

यंत्रांबद्दल ताईची मतं ठाम होती. तिच्याकडे बटणांचा फोन होता. टचफोन तिला आवडत नसे.

"टचफोन म्हंजे भाड्याच्या खोलीवानी," ती म्हणायची. "सकाळी उठून बगावं तर मालकानं समदं सामान सरकवल्यालं. अपडेट म्हणं. मला इचारलं व्हतं का?"

अण्णाराव नावाचे एक शेतकरी रोज येऊन बसत. त्यांच्याकडे मोठा टचफोन होता. तो नेहमी चार्जिंगला लावलेला असायचा.

"मॅडम, ह्याची बॅटरी निघंना की."

"निघणारच न्हाई. कंपनीनं चिटकवून देल्याली हाय."

"काहून?"

"बॅटरी मेली की तुम्ही नवा फोन घ्यावा म्हणून."

"आयला. म्हंजे खुराची पत्री फुटली की बैलच नवा घ्यायचा."

"हळू बोला अण्णाराव. फोन चालू हाय, ऐकतेत ते."

अण्णारावांनी खरोखरच फोन उलटा ठेवला. ताई खूप हसली.

कंपन्यांवर तिचा विश्वास नव्हता. फॉर्मवर मात्र होता. त्याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं.

दहावीला असताना ती वडिलांबरोबर जातीचा दाखला काढायला एका कचेरीत गेली होती. खिडकीतल्या कारकुनानं अर्जावरचं आडनाव वाचलं. मग मान वर करून दोघांकडे बघितलं. मग अर्ज बाजूला ठेवला. दहापासून साडेचारपर्यंत ती दोघं उभी होती. मागून आलेल्यांचे कागद निघत गेले. शेवटी दाखला निघाला, तो कारकुनानं हातात दिला नाही. खिडकीतून टाकला. तो खाली पडला. वडिलांनी उचलला आणि शर्टाला पुसला.

"कॉम्प्युटर मान वर करून बगत न्हाई," ताई म्हणायची. "नाव टाक, पुढं जा. आडनाव टाक, पुढं जा. पाटलाला तोच रकाना अन् मला बी तोच. पुण्यात बसून ज्या पोरानं हा फॉर्म केला, त्याला ठाऊक बी नसंल की त्यानं काय केलं."

मला हे पटायचं. अजूनही अर्धं पटतं.

फेब्रुवारीत सरकारी जाहिरात आली. संगणक चालकाच्या जागा, कायमच्या. ताईच्या वयाची अट त्याच वर्षी संपत होती. याआधी तिनं चार वेळा अशा परीक्षा दिल्या होत्या. मागच्या खेपेला दोन गुणांनी गेली होती. तिचं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं. घरी ती आणि तिची आई, सरजाबाई. सरजाबाईंचे गुडघे गेलेले, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. टँकरचं पाणी ताईच भरायची.

"ही गेली तर संपलं," ताई म्हणाली. "मग जन्मभर दुसऱ्याचेच फॉर्म."

त्याच दिवसांत नव्या जिल्ह्याची हवा होती. लातूर फोडून उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार. सव्वीस जानेवारीला होणार होता, झाला नाही. आता एक मेला होणार होता. गाव थांबायला तयार नव्हतं. किराणा दुकानाच्या पाटीवर 'जि. उदगीर' आलं. मग हॉटेलवर, मग पिठाच्या गिरणीवर. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेत 'जि. उदगीर' छापलं. वऱ्हाड बरोबर मांडवात पोचलं. कुणाचं काही अडलं नाही.

फॉर्मच्या वेळी गावात एक गोष्ट पसरली. जो लातूर लिहील तो लातूरलाच राहील. नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या होतील, त्यातल्या जागा उदगीर लिहिणाऱ्यांना मिळतील. हे कुणी सांगितलं ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळे सांगत मात्र होते.

अण्णाराव आपल्या मुलीचे कागद घेऊन आले. मुलीचं नाव महानंदा.

"मॅडम, हिचं उदगीर टाका."

"रहिवासी दाखल्यावर काय हाय?"

"लातूर हाय. पर मे महिन्यात बदलणारच की."

"बदलंल तेव्हा बदलंल. आज लातूर."

"तुम्हाला काय जातंय हो टाकायला?"

"पोरीचा फॉर्म हाय अण्णाराव. दुसऱ्याच्या फॉर्मवर मी पत्ते खेळत नसते."

अण्णाराव रागावून गेले. महानंदाचं लातूर पडलं. माझंही लातूर. त्या पंधरवड्यात ताईनं सगळ्यांचं लातूरच टाकलं.

स्वतःचा फॉर्म तिनं शेवटच्या दिवशी भरला. पहाटे. मी शेजारी बसलो होतो. फोटो, सही, मार्कमेमो, सगळं चढलं. मग जिल्ह्यांची यादी उघडली. ती खाली खाली गेली. लातूर गेलं. यवतमाळही गेलं. सगळ्यात खाली 'इतर' होतं. ती तिथे थांबली.

"ताई, लातूर वर राहिलं."

"ठाऊक हाय." ती पडद्याकडे बघत राहिली. "यादीत पालघर बग. दोन सालांखाली व्हतं का? जिल्हा झाला अन् यादीत आला. जळकोट तालुका झाला तेव्हा कारकून लोक कागदावर किती साल उदगीर तालुकाच लिहायचे. कागद मरतो व्यंकट. यादी मरत न्हाई, तिच्यात भर पडते."

"पण आज नाही ना तिच्यात."

"म्हणून तर इतर ठेवलंय त्यांनी. कुणीतरी इचार करूनच ठेवलं असंल."

मी पडद्यावरच्या त्या 'इतर'कडे बघितलं.

"लातूरला मिळाली तर आईला कुठं ठेवू?" ती म्हणाली. "खोली करायची, तिथं बी पाणी न्हाई. उदगीर असलं की सकाळी जाईन, संध्याकाळी येईन."

तिनं 'इतर' निवडलं. शेजारी एक कोरी चौकट उघडली. तिनं तीत 'उदगीर' टाईप केलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, छान दिसतंय.

हे मी म्हणालो. दुसरंही काही म्हणता आलं असतं.

तिनं बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत 'अर्ज स्वीकारला' असं आलं. खाली बारीक अक्षरांत होतं की यानंतर बदल करता येणार नाही.

"बग," ताई म्हणाली. "घेतलं की त्यानं."

एप्रिलमध्ये हॉलतिकिटं आली. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं. अण्णाराव नेटपॅक टाकून त्या गाडीचा व्हिडिओ बघायचे आणि जो येईल त्याला दाखवायचे. आमच्या नळाला महिनाभर पाणी नव्हतं. ताईच्या प्रिंटरमधून एकेक हॉलतिकीट निघत होतं. लातूर लिहिलेल्या सगळ्यांचं परीक्षा केंद्र नांदेड. तिचं शेवटी निघालं. त्यावर फोटो होता, सही होती. परीक्षा केंद्र या शब्दांपुढे काहीच नव्हतं.

तिनं पुन्हा काढलं. पुन्हा तसंच.

मदतीचा एक नंबर होता. मराठीसाठी एक दाबा. तिनं एक दाबलं. मग गाणं लागायचं. ती फोन टेबलावर ठेवून दुसऱ्यांचे फॉर्म भरायची, गाणं चालू असायचं. नऊ दिवस तिनं हे केलं. ईमेल केला. लगेच उत्तर आलं की तक्रार नोंदवली आहे, हा आपला तक्रार क्रमांक.

मग आम्ही लातूरला त्या खात्याच्या कचेरीत गेलो. तिथला साहेब चांगला माणूस होता. त्यानं ताईला खुर्ची दिली, पाणी विचारलं. त्या दिवसांत लातूरला पाणी विचारणं साधं नव्हतं. त्यानं तिचं हॉलतिकीट दोनदा वाचलं.

"ताई, केंद्र जिल्ह्यावरनं पडतं. तुम्ही जिल्हाच दिलेला नाही."

"दिला की साहेब. लिहिलाय."

"लिहिलेलं सिस्टीम वाचत नाही. ती यादीतलंच घेते."

"तुम्ही वाचलं न्हाई का आत्ता?"

"मी वाचलं."

"मग तुम्ही करा."

साहेबानं हॉलतिकीट तिच्यापुढं सरकवलं. "माझ्या हातात काही ठेवलेलंच नाही हो," तो म्हणाला. "पूर्वी असतं तर पेननं करून सही मारली असती."

बाहेर आल्यावर ताई पायरीवर बसली. "पेननं," ती म्हणाली. एवढंच.

परीक्षेच्या दिवशी ती माझ्याबरोबर नांदेडला आली. मी नको म्हणालो होतो. तिच्याकडे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे मूळ कागद होते, तक्रार क्रमांकाची प्रिंटसुद्धा. बसमध्ये तिनं माझ्याकडून संगणकाचे प्रश्न करून घेतले. स्टँडवरून ऑटोनं आम्ही शहराबाहेरच्या एका कॉलेजवर पोचलो. गेटवर एक मुलगी अंगठ्याचं मशीन घेऊन उभी होती. माझा अंगठा लागला, हिरवा दिवा आला. ताईनं माझ्यामागून अंगठा ठेवला. लाल दिवा आला.

"पुसून ठेवा मॅडम."

ताईनं अंगठा पदराला पुसला. पुन्हा लाल.

मुलीनं मोबाईलवर काहीतरी शोधलं. "मॅडम, तुमचं नाव या सेंटरला नाही."

"कोणत्या सेंटरला हाय?"

मुलीनं पुन्हा शोधलं. "कोणत्याच नाही."

"पर अर्ज स्वीकारला म्हणून आलंय. हे बगा."

"हो मॅडम. अर्ज आहे. सेंटर नाही." तिचा आवाज वाईट नव्हता. "बाजूला व्हा जरा. मागं लाईन आहे."

ताई बाजूला झाली. मी आत गेलो. मागे वळून बघितलं नाही.

दीड तासानं मी बाहेर आलो. ती गाड्या लावायच्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन असेल. तिनं पहिल्यांदा विचारलं, "काय काय आलं?"

मी आठवेल तसे प्रश्न सांगत गेलो. ती उत्तर द्यायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. काही प्रश्नांना मी मान हलवली, पण आत मी दुसरंच उत्तर दिलेलं होतं. शंभरातले बत्तीस मला आठवले. तिचा एक चुकला. तोही तिनं स्वतःच सुधारला.

परतीच्या बसमध्ये कंधार मागं पडलं. मग मीच बोललो.

"ताई, एक शिवी दे ना त्या साईटला."

"काहून? तिनं काय केलं? जे शिकवलं तेच केलं. चुकले मी."

"चौकट कशाला ठेवली मग, वाचायचीच नव्हती तर?"

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं, नुसती ढेकळं.

"मशीनला शिवी देऊन बसले," ती म्हणाली, "तर मला परत माणसांच्याच खिडकीत जावं लागंल. तिथं मी जात नसते."

 

एक मे आला आणि गेला. जिल्हा झाला नाही. पाट्या तशाच राहिल्या. जूनमध्ये निकाल लागला. माझं नाव लागलं नाही. महानंदा निवडली गेली. अण्णाराव पेढे घेऊन दुकानात आले आणि पायरीवरच थबकले. ताईनं उठून डबा घेतला, पेढा तोंडात टाकला. "लातूरच पडलं न्हवं पोरीचं?" ती म्हणाली. अण्णाराव मान खाली घालून हो म्हणाले. मग ते बरेच दिवस आले नाहीत.

त्याच आठवड्यात ताईला ईमेल आला. मी शेजारी होतो. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाल लागला ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, पाचपैकी गुण द्या. खाली पाच कोऱ्या चांदण्या होत्या.

ताईनं शेवटच्या चांदणीवर क्लिक केलं. पाचही पिवळ्या झाल्या.

"पाच?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पाच कशाचे?"

"तिथं कुणीतरी पोरगं बसलं असंल," ती म्हणाली. "कंत्राटी. एक दिला तर त्याची कामाची ऑर्डर संपवतील."

बाहेर टँकर आला होता. ताईनं पायरीवरची पुढची पिशवी उचलली, दगड बाजूला ठेवला आणि आतले कागद बाहेर काढले.