एकरंगी गाय

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यासाठी नोंदीचं ॲप बनवणारा आमचा शेजारी कुणाचंच उत्तर जसंच्या तसं घेत नाही. चहाला "घेऊ थोडा" म्हणालं, की लगेच, "हाव का न्हाई, एकच सांगा." त्याच्या ॲपमध्ये गाईलाही रंग एकच. काळ्या ठिपक्यांची पांढरी गाय आली, की ॲप गुपचूप तिला 'पांढरी' करून टाकतं.

परवा तो दवाखान्यातच ॲप चालवून बघत होता, तेव्हा लस टोचायला त्याचे वडील घरचीच गाय घेऊन आले. यानं मोबाइलवर तिची नोंद पाहिली.

"आबा, ही आपली न्हाई. आपली पांढरी हाय."

"आरं येड्या, सकाळी हिचंच दूध पिलास की!"

"मग हे ठिपके कुठून आले?"

तोवर गाय त्याचा हात चाटू लागली होती. तिनं काहीही न तपासता त्याला घरचा मानलं होतं.